घरच्या घरी सोयीची कॉफी: रात्री घातलेल्या फिल्टरपासून मे महिन्यातल्या गार कॉफीपर्यंत

बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी चहा दिवसातून चारदा व्हायचा आणि कॉफी प्रसंगानेच. पाहुणे रात्री उशिरापर्यंत बसले, कुणाला बरं नसलं, परीक्षेसाठी कुणी जागत असलं, की आई तपेलीत दूध आणि थोडं पाणी ठेवायची. साखर घालायची, उकळी आली की कॉफीची पूड टाकायची आणि शेवटी सहाणेवर उगाळलेलं जायफळ. घरभर वास सुटायचा. त्या कॉफीवर माझं अजूनही प्रेम आहे आणि जायफळ तर मी सोडलेलंच नाही. पण रोज सकाळी सात वाजता, एकीकडे पोळ्या आणि डबे चालू असताना, ही पद्धत झेपत नाही. दूध उतू जातं, गाळण्यात गाळ तुंबतो आणि कॉफी एक दिवस कडू तर दुसऱ्या दिवशी पांचट होते.

पुढे आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहायला आलं. घरातले गृहस्थ कोयलीच्या रिफायनरीत होते. त्यांच्याकडच्या मामींच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेसहाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉफी कुठे उकळत नव्हती. ओट्यावर स्टीलचा दुमजली फिल्टर होता, खालच्या भांड्यात काळंभोर डिकॉक्शन, म्हणजे पुडीतून उतरलेला कडक अर्क, तयार होतं आणि गॅसवर फक्त दूध तापत होतं. घरातलं माणूस जसजसं उठेल तसतसा एकेक पेला अर्ध्या मिनिटात हातात. मामींनी सांगितलेली गोष्ट मी आजवर पाळते आहे: सकाळी कॉफी करायला बसायचंच नाही, सकाळी फक्त दूध तापवायचं. पूड आणि पाणी यांचं काम आधी, निवांत आणि दुधापासून वेगळं उरकून ठेवायचं.

एवढं एक सांभाळलं तर घरात कुठलंही साधन असो, कॉफी सोयीची होते आणि रोज एकसारखी होते.

पूड आणताना

दुकानातल्या पाकिटावर दोन गोष्टी वाचाव्यात: चिकोरी किती आणि पूड कधी भाजली-दळली. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं. ती डिकॉक्शनला गडद रंग, दाटपणा आणि थोडी जळक्या साखरेसारखी चव देते. ही शेती आपल्या गुजरातेतही होते. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. दुधाच्या कॉफीसाठी ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे मला सगळ्यात जमणारं प्रमाण वाटतं. ७०:३० असेल तर डिकॉक्शन भरपूर दाट होतं आणि पूड पुरवठ्याला येते, पण कॉफीचा स्वतःचा वास मागे पडतो. ४० टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. काळी कॉफी प्यायची असेल तर चिकोरी अजिबात नको.

कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिका वासाला चांगली आणि चवीला किंचित आंबूस असते. रोबस्टा कडक असते आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असतं. दुधात रोबस्टाचा थोडा भाग असला तर चव उठून दिसते. पाकिटावर ‘पीबेरी’ लिहिलेलं असतं तेव्हा फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार झालेली असते, एवढाच त्याचा अर्थ. चिकमगळूर, कोडगू, वायनाड, अराकू ही नावं जिथे कॉफी पिकते त्या भागांची आहेत. निरनिराळ्या भागांची १०० ग्रॅमची पाकिटं आणून पाहावीत, घरच्यांना काय आवडतं ते महिन्याभरात कळतं.

एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त पूड आणू नये. दळलेली कॉफी दोन-तीन आठवड्यांत वास गमावते आणि बडोद्याच्या पावसाळी हवेत तर त्याआधीच. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब आणि मसाल्याच्या डब्यापासून त्याहून लांब ठेवावी. कॉफी वास फार लवकर ओढते. एकदा हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेली अर्धी पिशवी मला झाडांना घालावी लागली होती.

बिया आणून घरी दळायच्या असतील तर हातानं फिरवायची छोटी चक्की उत्तम, कारण तिचं दळण एकसारखं येतं. मिक्सरमध्येही चालतं, पण सलग फिरवायचं नाही. तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा तीन सेकंद. सलग फिरवलं की पूड तापते आणि निम्मी पीठ, निम्मी भरड अशी होते. चटणीचं भांडं वापरणार असाल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ त्यात फिरवून टाकून द्या.

किती बारीक दळायची हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्यासारखी. मोका पॉटला (वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) त्याहून जरा बारीक, बारीक मिठासारखी. फ्रेंच प्रेसला (जाळीचा दट्ट्या असलेलं काचेचं भांडं) आणि गार कॉफीला जाड, लापशीच्या रव्याकडे झुकणारी. बोटांच्या चिमटीत घेऊन पाहिलं की दोन-चार वेळांत अंदाज येतो. दळण चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून विकत घेतानाही ‘फिल्टरसाठी’ असं सांगूनच दळून घ्यावी.

स्टीलचा फिल्टर, सावकाश

हा सगळ्यात स्वस्त, न फुटणारा, न वीज लागणारा आणि आपल्या दुधाच्या कॉफीला सगळ्यात साजेसा. म्हणून यावर मी जास्त बोलणार आहे.

फिल्टरचे चार भाग असतात: खाली डिकॉक्शन साठवायचं भांडं, वर तळाला भोकं असलेलं भांडं, दांडीची चकती आणि झाकण. घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून पाहा. भोकं बारीक, एकसारखी आणि आरपार हवीत. दोन्ही भांडी एकमेकांत घट्ट बसली पाहिजेत, डुगडुगता कामा नयेत. तिघा-चौघांच्या घराला मध्यम आकाराचा पुरतो. फार मोठा घेतला आणि त्यात थोडीच पूड घातली तर थर पातळ बसतो आणि पाणी झरकन निघून जातं.

तीन कपांसाठी २५ ग्रॅम पूड आणि १५० मिली पाणी लागतं. वजनकाटा नसेल तर पोह्याचे तीन चमचे शिगोशीग भरून घ्या. पूड स्वतःच्या दुप्पट वजनाचं पाणी धरून ठेवते, त्यामुळे १५० मिली ओतल्यावर खाली १०० मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळतं. एका कपाला साधारण ३० ते ३५ मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध.

दोन्ही भांडी गरम पाण्याने विसळून पूर्ण कोरडी करा. ओल्या भोकांवर पूड बसली की ती तिथेच चिकटून भोकं बुजवते. वरच्या भांड्यात पूड घाला, भांडं ओट्यावर दोनदा हलकं आपटून थर सपाट करा आणि चकती वर ठेवून एकदाच दाबा. हाताचा जोर लावायचा नाही, आंब्याच्या पाटीत आंबा पिकलाय का हे पाहताना दाबतो तितकंच. चकती तशीच वर राहू द्या.

पाणी खळखळ उकळवा आणि गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. उकळतं पाणी थेट ओतलं तर कडवटपणा वाढतो. ९२ ते ९६ अंशांच्या दरम्यान चव सगळ्यात चांगली उतरते आणि अर्धा मिनिट थांबलं की पाणी त्या टप्प्यात येतं. आधी दोन-तीन चमचेच पाणी गोल फिरवत ओता आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबा. पूड ताजी असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात, आणि हाच वास घरभर पसरतो. भाजताना बियांत अडकलेला वायू या वेळी बाहेर पडतो. तो निघून गेला की उरलेलं पाणी पुडीत सगळीकडे नीट शिरतं. मग बाकीचं पाणी सावकाश ओता आणि झाकण लावा.

आता १५ ते २० मिनिटं त्याच्याकडे पाहायचंही नाही.

डिकॉक्शन पाच मिनिटांच्या आत सगळं खाली आलं तर पूड जाड आहे किंवा चकती दाबलीच गेली नाही. असं डिकॉक्शन दुधात टाकलं की कॉफी फिकट मातकट दिसते. अर्धा तास झाला तरी वर पाणी साचलेलंच असेल तर पूड फार बारीक आहे, जास्त दाबली आहे किंवा भोकं बुजली आहेत. अशा वेळी ढवळू नका. वरचं भांडं जरा उचलून पुन्हा बसवा. दोन भांड्यांमध्ये हवा कोंडलेली असेल तर तेवढ्यानेही थेंब पडायला लागतात. तरीही जमलं नाही तर झाकण काढून चमच्याने बाहेरून टकटक करा.

रात्री घालायचं की सकाळी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी रात्री स्वयंपाकघर आवरताना घालून ठेवते, सकाळपर्यंत छान राहतं. उन्हाळ्यात रात्रीची हवाही तापलेली असते, तेव्हा झोपण्यापूर्वी उतरलेलं डिकॉक्शन काचेच्या छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवते. उठल्या उठल्या पाणी उकळून घातलं तरी आंघोळ होईपर्यंत तयार होतं. फ्रिजमध्ये ते दोन दिवस टिकतं, पण पहिल्या दिवसाची सर दुसऱ्या दिवसाला नाही. गार डिकॉक्शन गॅसवर कधीही उकळू नका. बाटली गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं उभी करा किंवा सरळ कढत दुधात ओता.

त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ते पातळ असतं आणि त्यात कडूपणाच जास्त उतरतो. घरात कुणाला अगदी सौम्य कॉफी लागत असेल तर त्या एका पेल्यापुरतं चालेल, पहिल्या डिकॉक्शनमध्ये मात्र ते मिसळू नये.

धुताना ओली पूड मोरीत टाकू नका, पाइप तुंबतो. ती सुकवून कुंड्यांच्या खतात थोडी थोडी मिसळता येते. महिन्यातून एकदा वरचं भांडं चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि उजेडाकडे धरून भोकं तपासा. बुजलेली असतील तर भांडं चिमट्याने गॅसच्या ज्योतीवर धरायचं. अडकलेली पूड जळून जाते आणि गार झाल्यावर घासलं की झडते. ही मामींची युक्ती. स्टीलला काळपट डाग पडतो, भोकं मात्र नव्यासारखी होतात.

पाणी

बडोद्यात आजवा तलावाचं आणि मही नदीचं पाणी येतं, बऱ्याच नव्या सोसायट्यांत बोअरचंही वापरतात. बोअरचं पाणी जड असलं की कॉफी बोथट आणि खडूसारखी लागते, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो. उलट पाणी शुद्ध करायच्या मशीनने सगळेच क्षार काढून टाकले तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते. कॉफीच्या व्यवसायात दर लिटरला साधारण १५० मिलीग्रॅम विरघळलेले क्षार चांगले मानतात. घरी एवढं मोजत बसायची गरज नाही. नळाचं पाणी प्यायला गोड लागत असेल तर उकळून तेच वापरा. बोअरचं असेल तर मशीनच्या पाण्यात त्याचा एक चतुर्थांश मिसळून पाहा.

दूध आणि जायफळ

आणंद आपल्यापासून जेमतेम ४० किलोमीटरवर, त्यामुळे चांगल्या दुधाची आपल्याला ददात नाही. अमूल गोल्डमध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, अमूल ताजामध्ये ३ टक्के. फिल्टरच्या डिकॉक्शनला गोल्ड जास्त शोभतं, कारण कडवटपणाला स्निग्धांश सांभाळून घेतो. दूध पहिल्या उकळीचं हवं. सकाळपासून तीनदा तापवलेल्या दुधाला एक शिजका वास येतो आणि तो कॉफीवर चढतो.

साखर पेल्यात, तिच्यावर डिकॉक्शन, मग कढत दूध. पाणी घालायचंच नाही, डिकॉक्शनमधलं पाणी पुरतं. मग दोन फुलपात्रं घेऊन हातभर उंचीवरून चार-पाचदा या भांड्यातून त्या भांड्यात ओता. फेस येतो, साखर विरघळते आणि कॉफी प्यायच्या बेताची होते. लहान मुलं आसपास असताना हे मोरीवर करावं.

जायफळ दुधात उकळू नये, वास उडून कडसर चव उरते. सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत चार-पाच वेढे उगाळा आणि गॅस बंद केल्यावर दुधात घाला. तीन कपांना तेवढं पुष्कळ होतं. जायफळ जास्त झालं तर गुंगी आणि मळमळ होते, म्हणून हात आखडताच ठेवावा. वेलदोडा घालायचा असेल तर जायफळ कमी करा. दोन्ही भरभरून घातले की ते मसाला दूध होतं आणि कॉफी त्यात हरवते.

फिल्टर नसेल तर तपेली

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी ही पद्धत. एक तपेली, एक झाकण, एक मलमलचा तुकडा किंवा अगदी बारीक जाळीचं गाळणं, बस.

दोन कपांसाठी १२० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबून पोह्याचे अडीच चमचे पूड घाला, एकदा ढवळा आणि झाकण ठेवा. घड्याळ लावून चार मिनिटं. मग वरून चमचाभर गार पाणी शिंपडा. तरंगणारा गाळ तळाला बसतो. न ढवळता, तपेली हळूच तिरकी करून गाळा. शेवटचा चमचाभर राहू द्या, त्यात सगळी माती असते. आलं तुमचं डिकॉक्शन, आता दूध वेगळं तापवून मिसळा.

चहाची पत्ती दुधात उकळते, मग कॉफी का नाही, असं मला पुष्कळदा विचारतात. पत्तीला उकळी सोसते. कॉफीचा वास उकळीबरोबर वाफेत निघून जातो आणि मागे कडू अंशच जास्त उतरत राहतात. शिवाय दुधात कॉफी पाण्याइतकी चांगली उतरत नाही, म्हणून आपण पूड वाढवतो, ती गाळण्यात चिखल करते आणि निम्मी वाया जाते.

मोका पॉट

इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये हे भांडं बाजारात आणलं. खालच्या भागात पाणी, मध्ये पुडीची चाळणी, वर कॉफी साठवायचं भांडं. पाणी तापलं की वाफेचा दाब त्याला पुडीतून वर ढकलतो. पाच-सात मिनिटांत कडक डिकॉक्शन मिळतं, म्हणून ज्यांना आदल्या रात्रीचं नियोजन जमत नाही त्यांच्यासाठी हे चांगलं.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, त्यासाठी स्टीलचा घ्यावा लागतो. आणि तीन कपांचा पॉट इतका छोटा असतो की आपल्या शेगडीच्या तिकाटण्यावर उभा राहत नाही. त्यावर ठेवायची लोखंडी जाळी सोबतच घ्या.

खाली आधीच गरम केलेलं पाणी भरा, आतल्या वाफेच्या झडपेच्या खालपर्यंतच. झडप बुडता कामा नये, ती सुरक्षेसाठी असते. चाळणीत पूड भरून बोटाने सपाट करा आणि इथे अजिबात दाबू नका, दाब कोंडतो. कडेवरची पूड पुसून टाका, कपड्याने धरून घट्ट आवळा, सगळ्यात लहान शेगडीवर मंद आचेवर ठेवा आणि झाकण उघडं ठेवून पाहत राहा. आधी गडद धार येते, मग ती मधाच्या रंगाची होते. फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा आणि तळ गार पाण्याखाली धरा. तो आवाज संपेपर्यंत गॅसवर ठेवल्यानेच बहुतेक घरांत मोका कडू होतो.

नव्या पॉटमधली पहिली दोन-तीन वेळची कॉफी टाकून द्या. रबराचं वायसर कडक झालं की कडेतून वाफ सुटते, तेव्हा ते बदला. पॉट ओला बंद करून ठेवू नका, आत पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी

फ्रेंच प्रेसला फारसं कौशल्य लागत नाही. ३० ग्रॅम जाड पूड, ४५० मिली गरम पाणी, चार मिनिटं. वर आलेला पुडीचा थर चमच्याने मोडा, दट्ट्या सावकाश खाली न्या आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्या, आत ठेवली तर ती उतरतच राहते. काचेचं भांडं गार असताना त्यात एकदम कढत पाणी ओतू नका, तडकतं. हाच प्रेस धुऊन त्यात गरम दूध घालून दट्ट्या वीसेकदा वर-खाली केला तर दुधाला सुरेख फेस येतो.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंत्स या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद भोकं पाडलेल्या भांड्यात घालून कॉफी गाळली आणि तिथून कागदी फिल्टर सुरू झाला. १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी, आधी कागद गरम पाण्याने भिजवायचा, मग पाणी तीन-चार वेळा थोडं थोडं गोल फिरवत ओतायचं, तीन मिनिटांत कॉफी तयार. स्वच्छ, हलकी आणि वासाची. पण प्रत्येक कपाला समोर उभं राहावं लागतं, म्हणून रोजच्या धावपळीत मी ती धरत नाही, रविवारी करते.

इथे एक तब्येतीची गोष्ट. कॉफीतलं तेल कॅफेस्टॉल नावाचा एक घटक घेऊन येतं आणि तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो अडवतो, फ्रेंच प्रेसची जाळी अडवत नाही. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे आणि कॉफी रोज दोन-तीनदा लागते त्यांनी कागदी फिल्टर घ्यावा.

मे महिना

पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की गरम कॉफीची इच्छाच होत नाही. त्या दिवसांत आमच्या फ्रिजच्या दारात कायम एक बाटली असते. ६० ग्रॅम जाड पूड आणि अर्धा लिटर गार पाणी काचेच्या बरणीत घाला, पूड पूर्ण भिजेपर्यंत ढवळा, झाकण लावा आणि १४ ते १६ तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्री जेवणं झाल्यावर ठेवली की दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तयार. आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवायची नाही. आधी गाळण्याने, मग दुहेरी मलमलने गाळा आणि मलमल पिळू नका, पिळलं की गाळ उतरतो.

हे मिश्रण कडक असतं. त्यात तितकंच गार पाणी किंवा दूध आणि बर्फ घाला. गार द्रवात साखर विरघळत नाही, म्हणून साखरेचा पाक वेगळा करून ठेवावा. चार दिवस चांगलं टिकतं. गार पाण्यात कडवट आणि आंबट अंश कमी उतरतात, त्यामुळे चव इतकी गोड-मऊ लागते की एका वेळी दोन पेले सहज जातात. कॅफीन मात्र त्यात भरपूर असतं, हे लक्षात ठेवावं.

इन्स्टंट

ही कॉफी कारखान्यात आधीच उतरवून, मग गरम हवेत फवारून किंवा गोठवून सुकवलेली असते. प्रवासात, हॉस्टेलवर, रुग्णाजवळ बसलेलं असताना तिच्यासारखी दुसरी सोय नाही. पूड थेट उकळत्या दुधात टाकण्याऐवजी आधी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवा, मग दूध ओता. गुठळ्या होत नाहीत आणि कडूपणा कमी लागतो. फेटायची असेल तर एक चमचा कॉफी, दीड चमचा साखर, पाण्याचे सात-आठ थेंब आणि रंग बदामी होईपर्यंत फेटत राहायचं. थेंब जास्त झाले तर ती फुलत नाही. हीही पाकिटावर वाचून घ्या, काहींत चिकोरी असते.

किती आणि केव्हा

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन आणि गरोदर बाईला २०० मिलीग्रॅमपर्यंत चालतं, अशी सर्वसाधारण मर्यादा मानतात. चहातही कॅफीन असतं, तो यात धरायचा. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफीन अकरा वाजता अजून अंगात असतं. जायफळाने झोप येते म्हणून रात्री जायफळाची कॉफी घेणारे बरेच आहेत, पण कॅफीन जायफळाला जुमानत नाही. रात्री हवीच असेल तर डिकॉक्शनचे दोनच चमचे आणि बाकी दूध. कॉफी जेवणातलं लोह नीट अंगी लागू देत नाही, म्हणून जेवणानंतर तासभर थांबावं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर हे कटाक्षाने पाळावं.

पंधरा माणसांची कॉफी

हळदीकुंकू, बारसं, गणपतीची आरती, या वेळी घरातला फिल्टर पुरत नाही. तेव्हा तपेलीची पद्धत मोठी करायची. छोटे पंधरा कप म्हणजे दीड लिटर कॉफी. त्यासाठी १०० ग्रॅम पूड आणि ६०० मिली पाणी घेतलं की ४०० मिली डिकॉक्शन मिळतं, दूध लागतं १,१०० मिली. पाणी उकळून गॅस बंद करा, पूड घाला, ढवळा, झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा, गार पाणी शिंपडा आणि मलमल बांधलेल्या मोठ्या गाळण्यातून दुसऱ्या भांड्यात सोडा. सोडायला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणून हे सगळं पाहुणे यायच्या तासभर आधी उरकून डिकॉक्शन थर्मासमध्ये भरून ठेवा.

पाहुणे बसले की दूध तापवा, पहिली उकळी आली की गॅस बंद, त्यात साखर आणि उगाळलेलं जायफळ, झाकण ठेवून दोन मिनिटं. डिकॉक्शन अगदी शेवटी, कप ट्रेमध्ये मांडून झाल्यावर घालायचं. मधुमेही पाहुण्यांसाठी दोन कप दूध साखर घालण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवा.